भुलीचे डॉक्टर भांडुपला निघायच्या आधी

(मुलुंडमधलं एक प्रसूतिगृह. दुपार. अक्षता खाटेवर कुशीवर वळलेली. सासू वनमाला तिच्याशेजारी स्टुलावर. नवरा सुबोध फोन घेऊन दाराशी.)

वनमाला: हात घट्ट धर म्हणाले होते गो. मुरगळ नव्हते म्हणाले.

अक्षता: सॉरी, आई. त्या वेळी समजतच नाही मी काय धरलंय.

वनमाला: धर, धर. दुसरा आहे अजून शिल्लक.

सुबोध: अक्षू, मम्मींचा फोन होता. नाशिकहून निघाल्यात, पण कसाऱ्याच्या घाटात अडकल्यात. पुढे कंटेनर आडवा झालाय म्हणे.

अक्षता: तिला सांग, टेन्शन घेऊ नको. इथे आई आहेत.

सुबोध: तेच सांगितलं. तर त्यांनी जास्तच घेतलं.

वनमाला: का रे? मी काय खाणार आहे की काय त्यांच्या लेकीला?

सुबोध: तसं नाही गं. त्या म्हणाल्या, माझी अक्षू साधं रक्त तपासायला गेली तरी चक्कर येऊन पडते. आणि तुमच्या आईंसमोर तर तिला ओरडायचीही लाज वाटेल.

अक्षता: मम्मी ना, काहीही बोलते.

सुबोध: आणि दुसरं. जानकी सिस्टर परत विचारून गेली. भुलीचे डॉक्टर वरच्या मजल्यावर आहेत, एका सिझेरियनला. ते आटपलं की भांडुपला निघणार. तिथे दुसऱ्या दवाखान्यात त्यांची आणखी एक पेशंट आहे. कळा कमी करायचं ते पाठीतलं इंजेक्शन घ्यायचं असेल तर ते निघायच्या आधी सांगा म्हणाली.

अक्षता: नको म्हणून सांगितलंय ना मी?

सुबोध: मी पण तेच सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही नका सांगू, बाईला परत विचारा.

वनमाला: शहाणी आहे ती सिस्टर.

अक्षता: त्यांना परत बोलावता येतं ना? नंतर वाटलंच तर?

सुबोध: तेच विचारलं मी. हे डॉक्टर एका जागेचे नसतात यार. सकाळी घाटकोपर, दुपारी मुलुंड, मग भांडुप. एकदा गेले की संध्याकाळशिवाय हाताला लागणार नाहीत. आणि तोपर्यंत...

अक्षता: तोपर्यंत होऊन जाईल.

वनमाला: पहिलटकरीण आहेस. गंधाली मॅडम मघाशी तपासून काय म्हणाल्या, ऐकलंस ना? आत्ता कुठे सुरुवात आहे.

अक्षता: ऐकलं. आई, नका ना पुन्हा तेच. तुम्ही कुठे काय घेतलं होतं?

वनमाला: आमच्या वेळी होतं कुठे?

सुबोध: असतं तरी तू घेतलं नसतंस. अक्षू, बाबा सांगतात ना, माझ्या वेळी अख्ख्या वॉर्डात एकच बाई अशी, जिचा हूं की चूं नाही. आया बाहेर येऊन म्हणाली...

वनमाला: तुझे बाबा गेटच्या बाहेर होते.

सुबोध: हो, पण आया आत होती ना! ती म्हणाली, तुमच्या बायकोसारखी शहाणी बाई बघितली नाही. सोन्यासारखी बाई. बाबा अजून तिचा आवाज काढून दाखवतात.

अक्षता: आली. आली, आई...

वनमाला: धर. हे बघ, माझ्याकडे बघ.

सुबोध: श्वास! अक्षू, श्वास! मालाडच्या क्लासमध्ये शिकवलं तसं. फुलाचा वास घ्यायचा... आता मेणबत्ती विझवायची... फुलाचा वास...

अक्षता: सुबोध.

सुबोध: हां, बोल.

अक्षता: तुझी मेणबत्ती घे आणि बाहेर जा.

वनमाला: दात दाबू नको गो. तोंड उघड. बाय माझी, तोंड उघड जरा... हां. चालली. चालली बघ, गेली.

अक्षता: गेली.

वनमाला: ओठ चावलास. रक्त आलंय बघ.

अक्षता: आवाज नाही ना आला?

वनमाला: नाही आला.

सुबोध: एकदम झकास! आईची सून शोभतेस.

वनमाला: सुबोध, सिस्टरने शहाळ्याचं पाणी चालेल म्हणून सांगितलंय. खाली कोपऱ्यावर गाडी आहे. घेऊन ये जा.

सुबोध: आत्ता? अगं पण...

वनमाला: आत्ता. मलईवालं नको, पाणीवालं बघून घे. आणि घाई करू नको, चार शहाळी हलवून बघ.

सुबोध: जातो. अक्षू, मी आलोच हां. दोन मिनिटांत.

वनमाला: गेला? गेला. आता सांग मला.

अक्षता: काय सांगू?

वनमाला: तुला ते इंजेक्शन हवंय की नको? मला बरं वाटेल असं नको सांगू. खरं काय ते सांग.

अक्षता: असं कसं विचारता तुम्ही.

वनमाला: मग कसं विचारू? बारशाला विचारू?

अक्षता: मी शब्द दिलाय, आई.

वनमाला: कोणाला गो?

अक्षता: देवाला. डोहाळजेवणाला बाबांनी ते तुमच्याकडचं गाऱ्हाणं घातलं ना? नारळावर हात ठेवून. आमच्या नाशिकला असलं काही नसतं, मला तर ते इतकं आवडलं होतं. एक जण देवाला मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे मिळून होकार भरतात. बाबा म्हणाले, ह्या सुनेची सुटका तिच्या सासूसारखी होऊ दे रे म्हाराजा, बाहेरच्या माणसाला कळता नये आत काय चाललंय. आणि सगळे ओरडले...

वनमाला: व्हय म्हाराजा.

अक्षता: मी पण ओरडले. सगळ्यात मोठ्याने. माझा व्हिडिओ आहे.

वनमाला: अगो येडे! ते काय स्टँपपेपरवर आहे?

अक्षता: हसू नका ना. तेव्हापासून जो भेटतो तो तेच म्हणतो. कुडाळच्या काकूंनी फोन केला, वनमालेसारखी हिंमत ठेव. शेजारच्या आजी म्हणाल्या, तुमच्या घरात तर आवाज होतच नाही. ऑफिसातल्या अर्ध्या मुलींनी इंजेक्शन घेतलंय, कोणीही त्यांना काही म्हणालं नाही. पण त्यांच्या घरी वनमाला नव्हती ना! मी लग्न होऊन आले तेव्हा मला चहासुद्धा धड येत नव्हता. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. निदान ही एक गोष्ट तरी तुमच्यासारखी... आई, माझ्याने होईल ना?

वनमाला: होईल की. बाई ठरवते ते होतं. पण माझ्यासारखं कशाला करतेस?

अक्षता: म्हणजे?

वनमाला: हा हात बघ. मनगटाच्या वर. हा डाग.

अक्षता: तव्याचा ना? सुबोध म्हणतो, घावणे काढताना भाजलं होतं.

वनमाला: तो लहान होता, त्याने विचारलं, मी तवा सांगितला. पोराला काय सांगणार होते, तू येताना मी माझाच हात चावला म्हणून?

अक्षता: आई!

वनमाला: टाके नाही घातले, पण पिकला होता चांगला. त्याला अंगावर घेताना ठणकायचा.

अक्षता: एवढं दुखत होतं, तरी आवाज केला नाहीत?

वनमाला: बघ, तू पण तिकडेच गेलीस. ऐक तरी. तेव्हा आम्ही इकडे नव्हतो, ते इस्पितळ पण आता राहिलं नाही, पाडून टॉवर केलाय. मोठा वॉर्ड, खाटा अशा चिकटून. माझ्या बाजूला एक मुलगी होती. मुलगीच गो, शाळेतून उठून आल्यासारखी. कानात निळ्या खड्याच्या रिंगा. ती आई आई करून ओरडत होती. आई बाहेर, आत कोणाला सोडायचे नाहीत. आणि ती आया...

अक्षता: जी बाहेर जाऊन बाबांना म्हणाली, ती?

वनमाला: तीच. सोन्यासारखी बाई म्हणणारी. तिने येऊन त्या पोरीच्या मांडीवर फाडकन मारली. एकदा नाही. आणि काय बोलली ते मी तुला सांगणार नाही, तू आत्ता आई होतेस. सगळा वॉर्ड ऐकत होता. कोणी काही म्हणालं नाही.

अक्षता: आणि तुम्ही?

वनमाला: मी पण नाही. मी हात तोंडात घातला. तुझे सासरे ज्याला हिंमत म्हणतात ना, ती ही. माका मार खाऊचो नव्हतो गो. बस्स, येवढाच.

अक्षता: बाबांना माहीत नाही?

वनमाला: कधी सांगणार? घरी आले तर ह्यांनी चाळभर पेढे वाटून सांगून टाकलेलं. माझी बायको अशी आणि माझी बायको तशी. लोक बघायला यायचे मला. मग वर्षं गेली. कोणाचं बारसं असो, लग्न असो, विषय निघाला की हे सुरू. हॉटेलात भांडी आणि भट्टी सांभाळून जन्म गेला त्यांचा, बायकोचं कौतुक करायला दुसरं काय यायचं त्यांना? गजरा आणायला लाजायचे. ही एकच गोष्ट होती. सांगताना डोळे असे चमकतात. मी मध्येच कशी म्हणणार, अहो, ते तसं नव्हतं?

अक्षता: आली... आई, परत आली.

वनमाला: ये. इकडे ये. डोकं ठेव माझ्या खांद्यावर.

अक्षता: मोठी आहे. ही मोठी आहे. आई गं...

वनमाला: म्हण. आई गं म्हण. इथे मारणारी कोणी नाही. मी बसलेय ना.

अक्षता: आई... आई गं... नको, नको, नको...

वनमाला: जाईल. चालली. पाठ चोळू? इथे? हां... गेली बघ.

अक्षता: गेली. आई, हा घाम मला आलाय की तुम्हाला?

वनमाला: दोघींना.

अक्षता: त्या इंजेक्शनने पाठ कायमची दुखते म्हणतात. शेजारच्या आजी म्हणाल्या, मणक्यात सुई गेली की बाई वाकूनच चालते.

वनमाला: माझी पाठ दुखते ना?

अक्षता: हो, पंचवीस वर्षं ऐकतोय म्हणतो सुबोध.

वनमाला: मला कोणी दिली होती सुई? आणि गंधाली मॅडमना मी विचारलंय. तुला तपासून त्या बाहेर आल्या तेव्हा.

अक्षता: तुम्ही विचारलंत?

वनमाला: मग? सुई गेली तिथे दोन दिवस ठणकेल, म्हणाल्या. कोणाचं डोकं दुखतं, पण ते कमी जणींना, आणि त्यावर उपाय आहे. रक्तदाब खाली येतो, म्हणून सिस्टर सारखी बघत राहणार. बाळाचे ठोके पण मशीनवर बघणार. दुखणं सगळं नाही जात, दाब कळतो, शेवटी जोर तुलाच लावायचा. पण मधली ही मारामारी कमी होते. आणि मी विचारलं, बाळाला काही? तर म्हणाल्या, मावशी, काळजी करू नका, मी स्वतः घेतलं होतं.

अक्षता: मॅडमनी स्वतः?

वनमाला: मी काय त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला गेले नव्हते, पण तसं म्हणाल्या खऱ्या.

अक्षता: तुम्ही आधी का नाही सांगितलं मला?

वनमाला: सासू म्हणाली म्हणून घेतलं, असं नको होतं मला. सासू म्हणाली म्हणून नाही घेतलं, असं पण नको. तुझी पाठ, तुझं पोट. मी फक्त हात द्यायला आलेय, तो पण तू मुरगळलास.

अक्षता: मला हवंय, आई.

वनमाला: काय?

अक्षता: इंजेक्शन. सकाळपासून हवंय. पहिल्या कळेपासून हवंय.

वनमाला: मग रडत काय बसलीस! सिस्टर! अगो, सिस्टर खंय गेली?

सुबोध: हे घे, शहाळं. बघ, चार हलवून आणलंय. काय झालं? का रडतेयस? आई, तू काही बोललीस का?

वनमाला: सिस्टर कुठे आहे?

सुबोध: बाळाला घेऊन गेली वरून. म्हणजे वरच्या बाईच्या बाळाला. मुलगी झाली त्यांना. सगळं आटपलं तिकडचं.

अक्षता: आणि भुलीचे डॉक्टर?

सुबोध: ते काय, आत्ता जिन्यात भेटले. हेल्मेट घालत होते.

अक्षता: सुबोध, त्यांना थांबव!

सुबोध: काय? पण तू तर नको...

अक्षता: थांबव त्यांना! डॉक्टर! ओ डॉक्टर! थांबा! मला हवंय! डॉक्टऽऽर!

वनमाला: पळ रे मेल्या, बघत काय राहिलास?

सुबोध: जातो, जातो. शहाळं धर!

वनमाला: बाप रे. माझे कान बसले.

अक्षता: ऐकलं असेल का त्यांनी?

वनमाला: त्यांनी? रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या असतील. एवढा आवाज कुठे ठेवला होतास गो इतके दिवस?

अक्षता: आई, हसवू नका. हसलं तरी दुखतं.

सुबोध: थांबले! अक्षू, थांबले. हेल्मेटमध्ये ऐकू आलं म्हणाले त्यांना. भांडुपला फोन लावलाय, तिकडच्या बाईला अजून वेळ आहे. हात धुऊन येतायत. आणि सिस्टर म्हणाली, सगळ्यांनी बाहेर. एक बाई समोर उभी राहिली तर चालेल, हिला धरायला.

वनमाला: मग तू जा. बाहेर बाकड्यावर बस आणि फुलाचा वास घे.

सुबोध: अक्षू, जाऊ?

अक्षता: जा. आणि सुबोध, सॉरी, मेणबत्तीबद्दल.

सुबोध: चालतं यार.

वनमाला: हां, अशी बस. पाय खाली सोड. डॉक्टर म्हणतायत तशी पाठ बाहेर काढ, मांजरीसारखी. कपाळ माझ्या खांद्यावर. आता हलायचं नाही.

अक्षता: मध्येच कळ आली तर?

वनमाला: आली तर त्यांना सांग, ते थांबतील. म्हणाले ना आत्ता.

अक्षता: मी हलले तर? आई, मला सुईची भीती वाटते. तुम्ही काहीतरी बोला. काहीही बोला.

वनमाला: काय बोलू? बरं, थांब... बा देवा म्हाराजा.

अक्षता: आई, इथे? डॉक्टर काय म्हणतील?

वनमाला: ते त्यांच्या कामात आहेत. तू होकार भर. बा देवा म्हाराजा, तू खंय आसशीत थंयसून ऐक. ह्या चेडवाचो, माझ्या सुनेचो, हात माझ्या हातात आसा.

अक्षता: व्हय म्हाराजा.

वनमाला: हिच्या सासऱ्यान मागे तुका एक गाऱ्हाणा घातल्यान, आवाज नको म्हणान. ता त्येंच्या भाबडेपणान घातल्यान. ता तू मनावर घेव नको रे म्हाराजा.

अक्षता: व्हय म्हाराजा. आई, थंड लागलं काहीतरी.

वनमाला: औषध लावतायत. हलू नको. हिका ओरडाचा वाटला तर ओरडांदे. झोपाचा वाटला तर झोपांदे. कोणी हिका बोलता नये रे म्हाराजा.

अक्षता: व्हय म्हाराजा.

वनमाला: सुई देणाऱ्याचो हात थिर ऱ्हवांदे. थंय भांडुपची बाई वाट बघता हा, तिकापण सुखरूप सोडय रे म्हाराजा.

अक्षता: व्हय... टोचलं. टोचलं, आई.

वनमाला: टोचांदे. मी आहे. शेवटचं राहिलंय. माझ्या बाजूच्या खाटेर निळ्या रिंगावाली जी होती, ती आज खंय आसात थंय बरी आसांदे. तिचा झील नायतर चेडू, जा काय झाला ता, तिका संबाळांदे. मी तेवा काय बोलाक नाय. ता तू माझ्यावतीन तिका सांग रे म्हाराजा.

अक्षता: व्हय म्हाराजा.

वनमाला: झालं म्हणतायत. ऐकलंस? डॉक्टर म्हणतायत, झालं.

अक्षता: झालं? एवढंच?

वनमाला: आता आडवी हो. सावकाश.

सुबोध: येऊ का आत? डॉक्टर गेले भांडुपला. मला म्हणाले, तुमच्या आईंचं मंत्र म्हणणं छान होतं. कुठला मंत्र गं?

वनमाला: आहे आपला एक. हळू बोल.

सुबोध: ही झोपली? खरंच झोपली?

वनमाला: दोनदा कळ आली मशीनवर, हिला पत्ता नाही. मला म्हणाली, आई, कोणीतरी लांबून ढकलतंय असं वाटतं. आणि झोपली. सिस्टर म्हणाली, झोपू दे, पुढे कामाला येईल.

सुबोध: मम्मी घाटातून सुटल्या. आणि बाबांचा फोन चालू आहे गावाहून. कलमांना खत घालायचं सोडून पारावर येऊन बसलेत, तिथेच रेंज येते. विचारतायत, कसं चाललंय. सूनबाई सासूसारखी आहे ना, आवाज नाही ना, म्हणतायत. काय सांगू?

वनमाला: सांग, ओरडली म्हणून. सगळा मुलुंड गोळा केला म्हणावं. आणि पाठीतलं इंजेक्शन दिलं, आता बरी आहे.

सुबोध: असं सरळ सांगू?

वनमाला: सरळ सांग.

सुबोध: हॅलो, बाबा? हां. ती ओरडली. हो, जोरात. इंजेक्शन दिलं, दुखणं कमी झालं. हो... बाबा? ऐकताय ना? ... काय? ... थांबा, आईला सांगतो. आई, बाबा म्हणतायत, बरं झालं ओरडली.

वनमाला: काय म्हणतायत?

सुबोध: म्हणतायत, तुझ्या वेळी गेटवर उभं राहून सगळ्या बायकांचे आवाज येत होते. एक तुझाच येत नव्हता. त्यांना वाटलं... बाबा, रडताय काय तुम्ही? ... त्यांना वाटलं, तू गेलीस. ते तिथे फुटपाथवर खालीच बसले. मग आया बाहेर आली आणि म्हणाली, शहाणी आहे, आवाज करत नाही. तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. म्हणून ते सगळ्यांना सांगत सुटले म्हणे.

वनमाला: इतकी वर्षं एवढं सोडून बाकी सगळं सांगितलं त्यांनी.

सुबोध: तू बोलतेस का?

वनमाला: मला पण सांगायचंय त्यांना एक. गावाहून आले की सांगेन. फोनवर नाही.

सुबोध: बाबा, आई नंतर बोलेल. ठेवू? ... नको म्हणतायत. चालूच ठेव म्हणतायत, आवाज ऐकू येऊ दे. आता कसला आवाज, बाबा? ती तर गाढ झोपलीय.

वनमाला: श्वास ऐकू येतो की. तिच्या उशीशी ठेव तो फोन.